'येस्टरयीअर'चं प्रकरण: गेल्या सालचा बर्फ जुना कसा झाला

इंग्रजीत 'फार पूर्वीचा काळ' सांगणारे जुने शब्द पुष्कळ आहेत: योअर, व्हायलम, अर्स्टव्हाइल, क्वाँडम, येस्टरयीअर. यांतला शेवटचा सर्वांत प्राचीन वाटतो, पण वयाने तो सर्वांत लहान आहे. तो 1870 साली छापून आला. एका फ्रेंच पालुपदातल्या एका शब्दासाठी इंग्रज कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटीने तो घडवला. घडवताना त्याचा अर्थ अगदी मोजका होता: 'गेल्या वर्षी'. आज त्याचा अर्थ 'कोण जाणे किती वर्षांपूर्वी' असा झाला आहे. एका शब्दाच्या या प्रवासात जुन्या काळाचे शब्द कसे बनतात, कसे सैल पडतात आणि अनुवादकाची फसगत नेमकी कुठे होते हे सगळं सापडतं. म्हणून इथे एवढं एकच प्रकरण शेवटपर्यंत तपासलं आहे.

मूळ ओळ

फ्रेंच कवी फ्रांस्वा व्हियोंने 'टेस्टामेंट' हे दीर्घ मृत्युपत्र-काव्य लिहिलं ते 1461 साली. साल त्याने कवितेतच नोंदवलं आहे, आणि आपण वयाच्या तिसाव्या वर्षात असल्याचंही पहिल्याच ओळीत सांगितलं आहे. त्याआधीचं त्याचं छोटं मृत्युपत्र तर सुरूच होतं 1456 या वर्षाच्या उल्लेखाने. हा कवी वर्षं मोजून लिहिणारा आहे, ही गोष्ट पुढच्या तपासात कामी येते.

'टेस्टामेंट'मध्ये मधूनमधून बालाद, म्हणजे पालुपद असलेल्या ठरीव बांध्याच्या कविता, घातले आहेत. आपलं बालाद आठ-आठ ओळींच्या तीन कडव्यांचं आणि चार ओळींच्या समारोपाचं आहे, म्हणजे एकूण अठ्ठावीस ओळी. प्रत्येक ओळ आठ अवयवांची, म्हणजे आठ उच्चारखंडांची. कवी विचारत जातो: रोमची सुंदर फ्लोरा कुठे आहे? थाइस कुठे? नदी-तळ्यावर हाक मारली की उत्तर देणारी एको कुठे? शहाणी एलोइज कुठे, जिच्यापायी आबेलारला पुरुषत्व गमवावं लागलं आणि मठात जावं लागलं? तत्त्वज्ञ ब्युरिदाँला पोत्यात घालून सेन नदीत फेकायला सांगणारी राणी कुठे? लॉरेनची भली जान (जोन ऑफ आर्क) कुठे, जिला इंग्रजांनी रूआँला जाळलं? आणि प्रत्येक वेळी पालुपद येतं: 'मे ऊ सों ले नेज दाँताँ'. पण 'आँताँ'चे बर्फ कुठे आहेत?

'आँताँ' हा शब्द लॅटिन 'आंते आन्नुम'पासून आला. 'आंते' म्हणजे आधी, 'आन्नुम' म्हणजे वर्ष. एक वर्ष आधी, गेल्या वर्षी. पंधराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये त्याचा हाच साधा अर्थ होता. मराठी माणूस 'गेल्या साली' म्हणतो तेव्हा त्याला आपण काही काव्यमय बोललो असं वाटत नाही. 'आँताँ' म्हणणाऱ्यालाही तसं वाटत नसे.

अर्थ कशावरून ठरतो

शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, कवितेत तो कोणत्या अर्थाने आला हे कवितेच्या आतूनच सिद्ध करावं लागतं. इथे तो पुरावा समारोपाच्या चार ओळींत आहे. तिथे 'प्रिन्स'ला उद्देशून कवी म्हणतो की त्या स्त्रिया कुठे आहेत हे या आठवड्यात विचारू नका, 'सेत आँ'देखील विचारू नका. विचाराल तर हे पालुपदच तुमच्या हाती राहील. 'सेत आँ' म्हणजे हे वर्ष, यंदा. ('प्रिन्स' म्हणजे कोणी खरा राजपुत्रच असायला हवा असं नाही. काव्यस्पर्धा भरवणाऱ्या मंडळांच्या प्रमुखाला तसं संबोधायची रीत होती आणि बालादच्या समारोपात ती टिकून राहिली.)

समारोपात आठवडा आहे, चालू वर्ष आहे आणि त्यापुढे लगेच गेलं वर्ष आहे. यंदाच्या समोर गेलं वर्ष उभं केलं आहे. इथे 'आँताँ'चा अर्थ 'प्राचीन काळी' असा घेतला तर ही जोडी तुटते आणि आठवड्याचा उल्लेख निरर्थक होतो.

पण या बारकाव्याला एवढं महत्त्व का द्यायचं? कारण ओळीची धार त्यावरच उभी आहे. स्त्रियांचा क्रम बघा. फ्लोरा आणि थाइस प्राचीन जगातल्या. एलोइज बाराव्या शतकातली. ब्युरिदाँ चौदाव्या शतकातला. जानला जाळलं 1431 साली, म्हणजे कवितेच्या तीस वर्षं आधी. कवी तिशीत आहे, तेव्हा जान गेली त्या सुमारास तो जन्मला. क्रम मधे थोडा मागेपुढे होतो, पण एकूण ओघ दूरच्या काळाकडून कवीच्या स्वतःच्या आयुष्याच्या काठापर्यंत येतो. पालुपद त्याहूनही जवळ येतं. गेल्या हिवाळ्यात ज्यावरून आपण सगळे चाललो तो बर्फसुद्धा रोमच्या फ्लोराइतकाच गेलेला आहे. दीड हजार वर्षं आणि एक वर्ष यांत जाण्याच्या बाबतीत फरक नाही, हे ती ओळ सांगते. 'प्राचीन काळचे बर्फ कुठे आहेत' असं वाचलं की हा सगळा विचार नाहीसा होतो. प्राचीन काळच्या स्त्रिया गेल्या आणि प्राचीन काळचे बर्फही गेले, एवढंच मागे राहतं, आणि ते सांगायला कवीची गरज नाही.

चूक सोपी होण्यामागे एक बाहेरचं कारणही आहे. व्हियोंने या कवितेला नुसतं 'बालाद' म्हटलं होतं. 'गतकाळच्या स्त्रियांचं बालाद' हे नाव दिलं ते कवी क्लेमाँ मारो याने, 1533 साली व्हियोंची कविता संपादित करताना. त्या नावात 'जादीस' हा शब्द आहे. जुन्या फ्रेंचमधले तीन तुकडे मिळून तो बनला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'दिवस लोटले आता' असा. तो खरोखरच अंतर न मोजणारा शब्द आहे. मारोचं शीर्षक वाचून कवितेत शिरणारा वाचक 'जादीस'चा धूसरपणा 'आँताँ'वर चढवतो. दोन शब्द, दोन माणसं, मधे सत्तरांहून अधिक वर्षं. शीर्षक कवीचं आहे की संपादकाचं, ही तपासणी अनुवाद हाती घेतल्यावर सर्वांत आधी करायची असते.

रोझेटीपुढची अडचण

रोझेटी 1861 सालीच प्रारंभिक इटालियन कवींच्या अनुवादांचं मोठं पुस्तक काढून बसला होता. त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपला नियम सांगितला आहे: चांगल्या कवितेची वाईट कविता होता कामा नये, शब्दाला शब्द ठेवणं त्यापुढे दुय्यम. व्हियोंच्या बाबतीत त्याला तीन गोष्टी एकदम हव्या होत्या. अर्थ 'गेल्या वर्षी' असा राहायला हवा. समारोपातल्या 'या वर्षी'शी जोडी जमायला हवी. आणि चारशे वर्षांपूर्वीच्या कवितेचा रंग यायला हवा.

इंग्रजीत गेल्या वर्षासाठी साधा शब्द होता: 'लास्ट यीअर'. जॉन पेनने पुढे 1878 साली आपल्या अनुवादात सरळ तोच वापरला. रोझेटीला तो चालला नाही. यमकाची अडचण होती असं म्हणता येत नाही, कारण शेवटी 'यीअर' दोन्हींत आहे. अडचण लयीची आणि रंगाची होती. 'लास्ट' आणि 'यीअर' या दोन्हींवर आघात पडतो आणि ओळ शेवटाला येऊन थबकते. शिवाय हा शब्द हिशेबाच्या वहीत शोभणारा.

जुन्या शब्दांच्या पेटीत हात घातला तर काय मिळतं? 'योअर' जुन्या इंग्रजीतल्या 'गेआरा'पासून आला. ते 'वर्ष' या शब्दाचं षष्ठीचं अनेकवचन, म्हणजे जवळजवळ आपलं 'वर्षांची गोष्ट'. त्यात वर्ष आहे, पण किती ते नाही. आधी तो क्रियाविशेषण होता. आता 'ऑफ योअर' एवढ्या एका जोडीतच जिवंत आहे. 'व्हायलम' हे 'व्हाइल' म्हणजे वेळ या शब्दाचं चतुर्थीचं अनेकवचन. आधी 'कधीकधी', मग 'एके काळी'. जुना इंग्रज कवी चॉसर याची 'सरदाराची कथा' याच शब्दाने सुरू होते. 'अर्स्टव्हाइल'मधला 'अर्स्ट' हे 'लवकर'चं तमभाववाचक रूप, सर्वांत आधीचा. 'क्वाँडम' सरळ लॅटिनमधून उचललेला. यांतला एकही शब्द 'एक वर्ष' एवढं अंतर मोजत नाही. जुनेपणा सगळ्यांत आहे, माप एकाकडेही नाही.

म्हणून रोझेटीने जोड केला. 'येस्टर' हा अंश 'येस्टरडे'मध्ये रोजच्या बोलण्यात होता आणि 'येस्टरनाइट', 'येस्टरईव्ह', 'येस्टरमॉर्न' अशा शब्दांत कवितेत होता. त्याचं नातं जर्मन 'गेस्टर्न'शी, लॅटिन 'हेरी'शी आणि संस्कृत 'ह्यः'शी आहे. 'ह्यः' म्हणजे काल. या सगळ्या इंग्रजी शब्दांत एकच व्यवहार चालतो: पुढे जे एकक येईल त्याच्या लगत आधीचं. दिवसाच्या आधीचा दिवस, रात्रीच्या आधीची रात्र. मग वर्षाच्या आधीचं वर्ष का नको? 'येस्टर-यीअर', मधे जोडरेघ देऊन. घडण नियमाला धरून, अर्थ काटेकोर, रंग जुना. तिन्ही अटी एका शब्दात बसल्या.

जागाही नीट बसली. पहिल्या कडव्यात व्हियोंने 'एस्ताँ' म्हणजे तळं याच्याशी 'आँताँ' जुळवला होता. रोझेटीने तळ्यासाठी 'मिअर' हा जुना इंग्रजी शब्द घेऊन त्याच्याशी 'येस्टरयीअर' जुळवला. अर्थही तोच आणि यमकाची जागाही तीच, हे क्वचितच साधतं. दुसऱ्या कडव्यात 'स्टिअर' घेतला. तिसऱ्यात 'देअर'वर भागवावं लागलं आणि तिथे यमक सैल पडलं. समारोपात 'धिस यीअर' आणि 'येस्टरयीअर' समोरासमोर आले, अगदी मुळासारखे. यावरून रोझेटीला 'आँताँ'चा अर्थ पक्का ठाऊक होता हे उघड आहे. त्याने स्वतःच्या अनुवादाचं शीर्षकही 'दिवंगत स्त्रियांचं बालाद' असं ठेवलं आणि मारोचा 'जादीस' गाळला.

बिघडलं कुठे

एवढी काळजी घेऊनही शब्द सुटला. कारणं वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळीच पाहायला हवीत.

पहिलं कारण रोझेटीच्या हातातलं होतं. व्हियोंचा 'आँताँ' त्याच्या वाचकाला रोजचा होता. रोझेटीचा 'येस्टरयीअर' त्याच्या वाचकाला अपरिचित आणि पुराणा वाटणारा होता. आजूबाजूलाही त्याने तसेच शब्द पेरले: दुःखासाठी 'डूल' आणि 'टीन', पालुपदासाठी 'ओव्हरवर्ड'. वाचकाने रंग आधी पाहिला आणि रंगावरून अर्थ काढला: एवढा जुना दिसणारा शब्द जुन्या काळाबद्दलच असणार. मुळात नसलेला जुनेपणाचा थर अनुवादाने चढवला आणि त्या थराने माप झाकलं गेलं. रोझेटीवर ठपका ठेवायचाच तर तो एवढाच ठेवता येतो. पण लहान नाही तो.

दुसरं कारण अनेकवचन. फ्रेंच 'नेज' अनेकवचनात आहे, कारण एका हिवाळ्यात बर्फ अनेकदा पडतो. रोझेटीने 'स्नोज' ठेवलं. इंग्रजी कानाला अनेक 'स्नोज' म्हणजे अनेक हिवाळे वाटतात आणि अनेक हिवाळे म्हणजे अनेक वर्षं. पेनने एकवचन घेतलं आणि त्याच्या ओळीत हा घोटाळा होत नाही.

तिसरं कारण रोझेटीच्या हाताबाहेरचं आणि सर्वांत जबर: ओळ एकटीच फिरू लागली. समारोपातलं 'या वर्षी' मागे राहिलं आणि पालुपद भाषणांत, अग्रलेखांत, मृत्युलेखांत शिरलं. आधाराला ठेवलेली जोडीच गेल्यावर अर्थ धरून ठेवणारं काही उरलं नाही. जोडरेघ गेली, 'येस्टरयीअर्स' असं अनेकवचन झालं, आणि एकदा अनेकवचन झालं की 'गेलं वर्ष' हा अर्थ शक्यच उरत नाही. गेली वर्षं अनेक असू शकतात, 'गेल्या वर्षी'तलं वर्ष मात्र एकच असतं.

फ्रेंचमध्येही हेच घडलं. 'आँताँ' आज बोलण्यातून गेला आहे आणि 'पूर्वीच्या काळचा' या अर्थाने लेखनात उरला आहे. याचं श्रेय बहुतेक जण व्हियोंच्या पालुपदाच्या लोकप्रियतेला देतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. स्पॅनिशमधला 'अंतान्यो' त्याच 'आंते आन्नुम'मधून आला आणि तोही आज 'पूर्वी' या अर्थानेच वापरला जातो. त्याची जोडी 'ओगान्यो', म्हणजे 'या वर्षी'. 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या 1615 सालच्या दुसऱ्या भागात, अगदी शेवटच्या प्रकरणात, मरणाच्या दारात शुद्धीवर आलेला किहोते एक म्हण वापरतो: अंतान्योच्या घरट्यांत ओगान्यो पक्षी नाहीत. गेल्या सालच्या घरट्यांत यंदा पाखरं नाहीत. तिथेही धार वर्षाच्या मापातच आहे, तिथेही 'यंदा' समोर उभं आहे, आणि आजचा वाचक तिथेही 'जुन्या घरट्यांत आता पक्षी नाहीत' असंच वाचतो. म्हणजे एका कवितेच्या प्रभावाशिवायही असा शब्द सैल पडतो. रोजच्या वापरात दुसरा शब्द आला की जुना शब्द फक्त म्हणींत आणि कवितांत उरतो, आणि तिथे त्याला कोणी मोजायला लावत नाही.

मराठीत ही ओळ आणायची तर

इंग्रजीत रोझेटीला जे घडवावं लागलं ते मराठीत तयार आहे. 'गुदस्ता'.

फारसी 'गुजश्ता' म्हणजे सरलेला. मूळ शब्दात वर्षाचा उल्लेखच नाही. पेशवाईतल्या कागदांत 'सालमजकूर' म्हणजे चालू वर्ष आणि 'सालगुदस्त' म्हणजे गेलं वर्ष अशा जोड्या येतात. साल बाजूला पडलं तरी 'गुदस्ता' या शब्दात वर्षाचं माप शिल्लक राहिलं. 'योअर' आणि 'येस्टरयीअर' यांच्या पोटात वर्ष असून त्यांनी माप हरवलं. 'गुदस्ता'च्या पोटात वर्ष नव्हतं, तरी त्याने माप कमावलं. प्रवास बरोबर उलटा. आणि आज तो शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यातला, थोडा मागे पडलेला वाटतो. काटेकोर आणि जुना, रोझेटीला हवे असलेले दोन्ही गुण एका शब्दात आहेत.

मराठीकडे या बाबतीत पुरी मोजपट्टीच आहे: यंदा, गुदस्ता, परार. परार म्हणजे गेल्याच्या मागचं वर्ष. तो संस्कृत 'परारि'चा वंशज. पाणिनीच्या एकाच सूत्रात 'परुत्', 'परारि' आणि 'ऐषमः' हे तिन्ही शब्द येतात: गेलं वर्ष, त्यामागचं वर्ष, हे वर्ष. 'परुत्' गुजरातीत 'पोर' होऊन जिवंत आहे. ग्रीकमधला 'पेरुसि' हा त्याचा सख्खा भाऊ आणि अर्थही तोच. 'परुत्'मधला शेवटचा अंश वर्षवाचक आहे, 'वत्सर'मधला. लॅटिन 'वेतुस' म्हणजे जुना, ज्यातून 'व्हेटरन' आला, तो याच कुळातला मानतात. जुनं म्हणजे ज्याच्यावर वर्षं चढली आहेत ते.

आता प्रत्यक्ष ओळ. सहज सुचणारं रूप 'पण कुठे आहेत गतकाळाची हिमं?' असं असेल. यात सगळ्याच चुका एकत्र आहेत. 'गतकाळ' माप घालवतो. 'हिमं' हे अनेकवचन मराठीत कोणी करत नाही. आणि दोन तत्सम शब्द मिळून ओळ समारंभात उभी राहते, रस्त्यावर नाही. 'पण गेल्या वर्षीचा बर्फ कुठे आहे?' हे अर्थाला बिनचूक आहे. गद्य अनुवादात, वर्गात शिकवताना, तळटीपेत हेच द्यावं. पालुपद म्हणून मात्र ते तीनदा-चारदा पेलत नाही.

व्हियोंची ओळ आठ अवयवांची आणि मराठीला अष्टाक्षरी अंगवळणी पडलेली. तेव्हा माप बदलायची गरज नाही:

कुठे बर्फ गुदस्ताचा?

आठ अक्षरं. समारोपातल्या ओळीसाठी 'नको विचारूस यंदा' हीदेखील नेमकी आठ, आणि यंदा-गुदस्ता ही जोडी शाबूत राहते.

या रूपात 'पण' गेला. मुळातला 'मे' महत्त्वाचा आहे. उत्तर न देता प्रश्न दुसरीकडे वळवायचं काम तो करतो. 'पण' ठेवायचा तर 'पण बर्फ गुदस्ताचा?' हेही आठ अक्षरांत बसतं. आधीच्या ओळींत 'कुठे, कुठे' असं येऊन गेलं असल्याने मराठी वाचक गाळलेला 'कुठे' मनात भरून घेतो, आणि कवितेच्या आत ही ओळ पहिलीपेक्षा जास्त चटका लावते. तरी पहिली घ्यावी. हे पालुपद कवितेबाहेर एकटं फिरणार हे पाचशे वर्षांचा अनुभव सांगतो, आणि एकटं फिरताना 'पण बर्फ गुदस्ताचा?' याचा अर्थच लागत नाही.

यमकाची अडचण उरते. 'गुदस्ताचा' ठेवला तर यमक षष्ठीच्या प्रत्ययावर येतं: तळ्याचा, वाऱ्याचा. प्रत्ययाचं यमक मराठीत फुकट मिळतं आणि म्हणूनच कच्चं वाटतं. ओळ 'गुदस्ता'वर संपवली तर 'रस्ता'सारखं पक्कं यमक मिळतं, पण मग 'पडला बर्फ गुदस्ता' असं क्रियापद आणावं लागतं आणि प्रश्नच नाहीसा होतो. त्यावर उपाय असा की यमकाचा भार प्रत्ययावर न टाकता त्याच्या आधीच्या अक्षरावर टाकायचा: 'रस्त्याचा', 'बस्त्याचा' यांत 'स्त' सांभाळला जातो. 'स्ता' आणि 'स्त्या' यांतला फरक कानाला जाणवतो, पण टोचत नाही. तीन कडव्यांना तीन असे शब्द लागतात. ते आधी जमवावेत आणि मगच कडव्याच्या सहाव्या ओळीला हात घालावा, कारण पालुपदाचं यमक तिथे पडतं.

'बर्फ' की 'हिम' हा प्रश्नही सोडवावा लागतो. महाराष्ट्रात आकाशातून पडणारा बर्फ बहुतेकांनी पाहिलेला नाही. 'बर्फ' म्हटलं की लादी आणि गोळा आठवतो. 'हिम' नेमका आहे, पण उंचावरचा. तरी 'बर्फ'च घ्यावा. व्हियोंचा शब्द पॅरिसच्या गल्लीतला होता. शंका वाटत असेल तर कडव्यात कुठेतरी हिवाळ्याचा उल्लेख करून ठेवावा. 'गुदस्ताचा पाऊस' करायचा मोह मात्र टाळावा. पाऊस पडताक्षणी वाहून जातो. बर्फ काही आठवडे राहतो, त्यावर पावलं उमटतात, आणि मग तो जातो. प्रश्न राहिलेल्या गोष्टीच्या जाण्याचा आहे.

'गुदस्ता'वर एक खरा आक्षेप घेता येतो: तो पेशव्यांच्या दफ्तराची आठवण करून देतो, आणि पॅरिसमधल्या कवीच्या तोंडी ती आठवण परकी आहे. आक्षेप योग्य आहे. त्यासाठी उरलेल्या कवितेत फारसी वळणाचे दुसरे शब्द टाळावेत, म्हणजे एकट्या 'गुदस्ता'ला बखरीचा वास येणार नाही. 'जाहला', 'करोन', 'तयांची' अशी रूपं तर मुळीच आणू नयेत.

या शेवटच्या मोहाची शिक्षा खुद्द व्हियोंच्या पुढच्याच पानांवर आहे. या बालादनंतर तो राजे-सरदारांबद्दल एक बालाद लिहितो आणि त्यानंतर तिसरं, मुद्दाम 'जुन्या फ्रेंच'मध्ये. जुन्या फ्रेंचमध्ये कर्त्याच्या एकवचनी पुल्लिंगी नामाला 'ली' हे उपपद आणि शेवटी 'स' लागायचा. व्हियोंच्या काळापर्यंत ती व्यवस्था मोडली होती. नियम ठाऊक नसल्याने त्याने 'ली' आणि 'स' सरसकट लावले, कर्ता असो वा नसो. भाषा जुनी दिसली, पण जुन्या फ्रेंचमध्ये असं कोणी कधी बोललं नव्हतं. इंग्रजी पाट्यांवरचं 'ये ओल्ड' हे त्याचंच भावंड. तिथला 'ये' म्हणजे साधा 'द'च. जुनं 'थॉर्न' हे अक्षर पुढे 'वाय'सारखं दिसू लागलं, आणि नंतरच्या लोकांनी ते तसंच वाचलं.

वर्तमानपत्री उपप्रश्न

भारतीय इंग्रजीत 'येस्टरयीअर' थेट विशेषण झाला आहे: 'येस्टरयीअर अ‍ॅक्ट्रेस'. इथे रोझेटी आठवून 'गेल्या वर्षीची अभिनेत्री' केलं तर अनर्थ होईल. 'जुन्या जमान्यातल्या अभिनेत्री' हेच बरोबर. शब्दाचा अर्थ त्या लेखनाच्या तारखेला काय होता ते पाहायचं, जन्माच्या तारखेला काय होता ते नाही. म्हणजे व्हियोंला जो नियम लावला तोच उलट्या दिशेने.

'अर्स्टव्हाइल' सरकारी कागदांत फार येतो, विशेषतः संस्थानांबद्दल. त्यासाठी मराठीत सवयीने 'तत्कालीन' लिहिलं जातं आणि ते अनेकदा चुकतं. 'तत्कालीन' म्हणजे त्या घटनेच्या वेळी जो होता तो. 'अर्स्टव्हाइल' म्हणजे पूर्वी होता, आता नाही. 1940 सालच्या घटनेबद्दल लिहिताना 'तत्कालीन औंध संस्थान' ठीक. आजच्या हद्दीबद्दल लिहिताना 'पूर्वीचं औंध संस्थान' असंच हवं. माणसांना 'माजी', संस्था-संस्थानांना 'पूर्वीचा', आणि कथनातला क्षण पकडायचा असेल तरच 'तत्कालीन'. 'भूतपूर्व'ही चालतो, पण आता तो हिंदीच्या वळणाने जास्त ऐकू येतो.

'योअर'साठी 'पूर्वी' किंवा 'कोणे एके काळी', आणि 'व्हायलम'ने कथा सुरू होत असेल तर 'एके काळी' बिनदिक्कत वापरावं. या दोघांना अंतराचं माप नव्हतंच, त्यामुळे हरवण्यासारखं काही नाही.

आणि 'येस्टरयीअर' रोझेटीच्या ओळीत भेटला, तर अनुवादकाने आधी समारोपाच्या चार ओळींत जाऊन 'धिस यीअर' शोधावा आणि समासात लिहून ठेवावं: एक वर्ष.